पदर डोक्यावर, विक्रम नावावर!

जळगाव म्हटलं की काय आठवतं? केळी, भरीत आणि सोनं! पण या गावाचं सगळ्यात लखलखीत सोनं थेट राष्ट्रपती भवनात पोचलं होतं. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील! नाव सगळ्यांना पाठ. किस्से माहीत आहेत का? चला, सुटू या सुसाट!

जन्म १९ डिसेंबर १९३४, बोदवड तालुक्यातलं नाडगाव. वडील नारायणराव पाटील. शाळा जळगावची आर. आर., कॉलेज जळगावचंच एम.जे. डिग्री? राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्रात एम.ए. मग मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून वकिली. आणि प्रॅक्टिस पुन्हा जळगाव कोर्टात. घरची ओढ, दुसरं काय!

आता हॉबी ऐका. टेबल टेनिस! आणि नुसता टाइमपास नव्हे हं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकणारा खेळ. पुढे आयुष्यभर ‘पब्लिक सर्व्हिस’ केली, पण पहिली सर्व्हिस पडली ती टेबलावर.

वय वर्षं २७. या वयात आपण काय करतो? सीव्ही अपडेट! प्रतिभाताई १९६२ मध्ये जळगावच्या आमदार झाल्या. त्याच वर्षी जिल्ह्यात महिला होमगार्ड उभं केलं आणि कमांडंटही झाल्या. फुल हाताचा ब्लाउज, डोक्यावर पदर, आणि हाताखाली अख्खं पथक. क्या बात!

मग एदलाबाद. म्हणजे आपलं मुक्ताईनगर. तिथून सलग चार वेळा आमदार! मंत्रिपद झालं, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद झालं, राज्यसभेचं उपसभापतिपद झालं. पदर सांभाळता सांभाळता पदंही सांभाळली.

१९६५ मध्ये लग्न. नवरदेव डॉ. देवीसिंह शेखावत, अमरावतीचे. खानदेशची लेक, वऱ्हाडची सून. माहीत आहे का, अमरावतीचे पहिले महापौर हेच देवीसिंह? आणि १९९१ मध्ये त्याच अमरावतीतून प्रतिभाताई लोकसभेवर! घरात एक मुलगी, एक मुलगा. मुलगा रावसाहेब पुढे अमरावतीचाच आमदार. या घरात डायनिंग टेबलावर काय गप्पा रंगत असतील, कल्पना करा.

आता माझा सर्वांत लाडका किस्सा. २००७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. समोर कोण? भैरोसिंह शेखावत! आणि प्रतिभाताईंच्या सासरचं आडनाव? शेखावत! सासरची मुळंही राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातली. त्याआधी २००४ पासून त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या, तिथल्याही पहिल्या महिला. म्हणजे सामना कसा, तर शेखावत विरुद्ध शेखावतांची सून! शिवसेना तेव्हा समोरच्या आघाडीत. पण उमेदवार मराठी म्हटल्यावर बाळासाहेबांनी पाठिंबा दिला थेट प्रतिभाताईंना. निकाल? ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ मतमूल्य. गेम, सेट, मॅच!

आणि हो, लढवलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत. एकही!

सीट बेल्ट बांधा, कारण आता येतोय सुखोई. २५ नोव्हेंबर २००९, पुण्याचा लोहगाव तळ. साडी बाजूला, अंगात जी-सूट, डोक्यावर पदराऐवजी हेल्मेट. सुखोई-३० एमकेआय आकाशात झेपावलं आणि जवळपास अर्धा तास घिरट्या घालून ताई हसत खाली उतरल्या. लढाऊ विमानातून उडणाऱ्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती! वय? ७४. पंच्याहत्तरी महिन्याभरावर आलेली! गंमत बघा, २००६ मध्ये कलामसाहेब उडाले तेही सुखोईतून, तेही लोहगावहूनच, आणि त्यांचंही वय ७४! तीन वर्षांत दोन राष्ट्रपती, एकच धावपट्टी. पुणेकरांनो, कॉलर ताठ करा. पुढे २०२३ मध्ये द्रौपदी मुर्मू तेजपूरहून सुखोईतूनच झेपावल्या. वाट कुणी दाखवली होती? जळगावकरणीने!

आकाश झालं, मग समुद्र. २००९ च्याच डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्यापुढे आयएनएस विराटवर. मग जमीन. डिसेंबर २०११, राजस्थानचं वाळवंट, आणि टी-९० रणगाड्यात ताई! जल, थल, वायू. हॅटट्रिक!

राष्ट्रपती भवनात त्यांनी ‘रोशनी’ नावाचा पर्यावरण प्रकल्प राबवला. कचरा, पाणी, वीज, सगळ्याचा हिशेब! २०१९ मध्ये मेक्सिकोने परदेशी पाहुण्यांसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. नाव ‘अॅझ्टेक ईगल’. सुखोईत बसलेल्या बाईला गरुड, परफेक्ट मॅचिंग!

पण मला विचाराल, तर विमानापेक्षा मोठी भरारी जमिनीवरच आहे. नोकरीसाठी मोठ्या शहरात गेलेल्या मुलीला सगळ्यात आधी काय लागतं? सुरक्षित खोली. हे ओळखून प्रतिभाताईंनी मुंबई आणि दिल्लीत नोकरदार महिलांसाठी वसतिगृहं उभी केली. जळगावात दृष्टिहीनांसाठी औद्योगिक प्रशिक्षण शाळा काढली. आणि जळगावजवळ बांभोरीला श्रम साधना ट्रस्टचं इंजिनिअरिंग कॉलेज! १९८३ मध्ये सुरू झालं. खानदेशातल्या पोरापोरींना इंजिनिअर व्हायला पुण्या-मुंबईची गाडी पकडावीच लागेल, असं राहिलं नाही. धुळ्याहून जळगावला येताना, गिरणेच्या पुलाआधी, हायवेवरूनच दिसतं. बघा एकदा!