भूपाच्या वाटेनं जपानी गाणं

साठच्या दशकात डिचोली तालुक्यातलं लोहखनिज बार्जमधून मांडवीच्या पात्रानं मुरगावला जायचं आणि तिथून त्यातलं बरंचसं जपानच्या पोलाद कारखान्यांकडे. शिरगाव-मयेच्या घरांना जपान ठाऊक होता तो गिऱ्हाईक म्हणून. पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या हातून जपानी टेपरेकॉर्डर आले. त्यांवर अभिषेकीबुवा वाजले, लोर्ना वाजली. जपानी गाणं मात्र कुणी आणलं नाही.

खरं तर ते आपल्या कानाला सहज मानवलं असतं. १९६१ साली क्यू साकामोतोनं गायलेलं ‘उए ओ मुइते आरुको’ १९६३ मध्ये ‘सुकियाकी’ या नावानं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याची चाल बरीचशी सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांत फिरते. या पाचांत मध्यम नाही, निषाद नाही. जपानी लोकप्रिय संगीतात ही स्वरांची मांडणी जुनी आहे, आणि भजनी मंडळात बसणाऱ्या माणसाला ती ऐकताक्षणी भूप आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणून पेडण्यात किंवा डिचोलीत कुणी मला विचारलं, की जपानी संगीत कुठून ऐकायला घ्यावं, तर मी याच गाण्याचं नाव सांगतो.

त्यानंतरचा मोठा टप्पा १९७१ चा. रॉक जपानी भाषेत गाता येतं का, यावर तेव्हा तिथं कडाक्याचा वाद चालला होता. इंग्रजीत गायलं तरच जग ऐकेल, असं एका बाजूचं म्हणणं. हारुओमी होसोनो आणि त्याच्या साथीदारांच्या ‘हॅपी एंड’ या बँडनं ‘काझेमाची रोमान’ हा अल्बम आपल्या भाषेत, आपल्या शहराच्या आठवणींवर करून दाखवला. कोकणी आणि मराठीत वाजवू पाहणाऱ्या गोव्यातल्या प्रत्येक तरुण बँडनं तो ऐकावा, असं मला मनापासून वाटतं. गाण्यातलं आपलं गाव टिकवून गिटार वाजवता येते, हे त्यातून कळतं.

१९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि त्याच वर्षी मिकी मात्सुबाराचं ‘मायोनाका नो दोआ’ निघालं. याच सुमारास तात्सुरो यामाशिता, मारिया ताकेउची. ‘सिटी पॉप’ या नावानं हे सारं आज ओळखलं जातं. ख्रिस पेरीच्या ब्रासवर वाढलेल्यांनी यामाशिताचा १९८२ चा ‘फॉर यू’ लावावा. ट्रंपेट, बास आणि समुद्रकाठची हवा, ओळख करून द्यावी लागत नाही.

नव्वदच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर जपानी नाव गाजलं ते त्सुयोशी सुझुकीचं, म्हणजे ट्रान्सचं. रॉक आणि इंडी तेव्हाही बाहेरच राहिले. २००४ मध्ये ‘अ‍ॅनिमॅक्स’ वाहिनी भारतात सुरू झाली, अ‍ॅनिमे पाहणारी पिढी वाढली आणि ‘नारुतो’च्या शीर्षकगीतातून ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ घरात शिरलं. मला हे प्रवेशद्वार आवडतं, पण ते दीड मिनिटाचं आहे. तिथं पोचलेल्या मुलांना मी त्याच बँडचा २००४ चा ‘सोल-फा’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायला सांगतो. पुढे २०२० मध्ये मात्सुबाराचं ते जुनं गाणं मोबाइलवरून जगभर फिरलं. ती स्वतः २००४ मध्येच गेली होती. आपल्या गाण्याचा हा दुसरा जन्म तिला पाहता आला नाही, याची मला हळहळ वाटते.

सतार ऐकणाऱ्यांसाठी ‘किकागाकु मोयो’. २०१२ मध्ये तोक्योत जमलेल्या या बँडमधला र्‍यू कुरोसावा भारतात येऊन मणिलाल नाग यांच्याकडे सतार शिकला. २०२२ मध्ये हा बँड थांबला. ‘मसाना टेंपल्स’ या अल्बमपासून सुरुवात करावी. चवथीला घुमट आरतीत हात दुखेपर्यंत वाजवणाऱ्या पोरांना मी ओसाकाच्या ‘बोरडम्स’ या बँडकडे पाठवतो. ७ जुलै २००७ रोजी या मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये ७७ ड्रमवादक एकत्र वाजवले होते. घुमट-शामेळचा गजर अंगात मुरलेला असेल, तर त्या कल्लोळातला ताल लगेच सापडतो.

आणि ‘फिशमान्स’ हा बँड. त्यांचं १९९६ चं ‘लाँग सीझन’ हे एकच गाणं सुमारे ३५ मिनिटांचं आहे. शिंजी सातोचा पातळ, हळवा आवाज, खाली सतत वाहणारा बास, मध्येच घंटा आणि पाण्याचे आवाज. १९९९ मध्ये सातो गेला, तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता. शहरातले मित्र या गाण्याची लांबी पाहूनच मागे सरतात. पेडण्यात दशावतार पहाटेपर्यंत बसून पाहणारी माणसं आहेत. त्यांच्यासमोर हे गाणं मी न कचरता ठेवतो, तेही कापून नाही, पूर्ण.