वीणेचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते आणि मुकीही राहू द्यायची नसते. चांदूर बाजार तालुक्यातल्या गावांत हा नेम अजून कडक आहे. पहाऱ्यांची यादी मंडपाच्या खांबाला डकवलेली असते. मध्यरात्रीनंतरचे पहारे बहुधा तरण्या पोरांच्या वाट्याला येतात; रात्रीच्या विजेच्या लाइनीवर ओलित करून त्यांना जागायची सवय झालेलीच असते.

पाहण्यासारखी असते ती बदली. नवा गडी हातपाय धुऊन येतो, वीणेच्या पाया पडतो. जुन्याचे बोट तारांवर चालूच असते. पट्टा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, भोपळा कुशीवर बसतो, आणि दुसऱ्याचे बोट तारेला लागल्यावरच पहिल्याचे सुटते. त्या एका घटकेला वीणा दोघांची असते. मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात. बाप असो की पोरगा.

वारकऱ्यांच्या या वीणेला तारा चार. तिच्यावर चाल वाजवायची नसते, गाणाऱ्याला सुराचा आधार द्यायचा असतो. म्हणजे तार सुरात असणे एवढेच तिचे काम, आणि तेच अवघड. खुंटी पिळून तार ढोबळ मिळते, मणी असले तर ते सरकवून बारीक. घोडीवर तारेखाली दोरा नेमक्या जागी आला, की तार गुंजू लागते. पहाटेच्या गारव्याला ती चढते, दुपारी मंडपाचे टिन तापले की उतरते. युरोपातल्या ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या तर आतड्याच्या तारा; दमट हवेतही बिघडायच्या. ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा जुळवण्यातच गेलेली असतात, असा टोमणा मॅथेसन या जर्मन संगीतकाराने १७१३ साली मारला होता.

आपल्याकडे उलटे झाले आहे. वीणेला हार, बुक्का, नमस्कार, सगळे मिळते. खुंटीला मात्र हात लागत नाही. पेटी एका सुरात, वीणा भलत्याच. भोंग्यापुढे ती ऐकू येत नाही, म्हणून कोणाला खटकतही नाही. याच तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, सारे शिक्षण कानाने घेतलेले. त्यांच्या मुलखात तरी बेसूर वीणा चालवून घेऊ नये. नेम पाळला आणि सूर सोडला, तर पहारा अर्धाच झाला, असे माझे मत आहे.

खर्च फार नाही. यंदाच्या वर्गणीत तारांचा एक नवा संच धरा. पहिल्या पहाऱ्याआधी जाणत्या माणसाकडून वीणा पेटीच्या सुरात लावून घ्या, आणि यादीतल्या निदान दोन पोरांना खुंटी पिळायला शिकवा.