पवनी पाहायला जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्यात पाहुणा आला की त्याला रावणवाडी, नाहीतर आंबागडचा किल्ला दाखवतात. पवनीला नेलंच, तर घाटावर पाय धुवायचे, पंचमुखी गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि परत फिरायचं. दोन हजार वर्षांहून जुनं हे नगर एवढ्यात उरकत नाही. त्याविषयी ऐकू येणाऱ्या काही समजुती आधी तपासलेल्या बऱ्या.

गैरसमज: पवनीचा स्तूप म्हणजे रुयाडचा स्तूप.

वस्तुस्थिती: रुयाड (सिंदपुरी) येथील महासमाधीभूमीचा स्तूप आपल्या काळातला आहे. प्राचीन स्तूप पवनीच्या टेकड्यांत दडलेले होते. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडी व चांडकापूर टेकडी खणली, तेव्हा ते उजेडात आले. 1994 मध्ये पुन्हा उत्खनन झालं. दोन्ही ठिकाणं पाहावीत, पण वेगवेगळी म्हणून.

गैरसमज: इथे सांचीसारखा घुमट आणि तोरणं दिसतील.

वस्तुस्थिती: टेकडीवर दिसतात ते विटांचे अवशेष. सांचीचं आजचं रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या मोठ्या दुरुस्तीमुळे टिकलं आहे. पवनीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्याचं कोरीवकाम मात्र सांची-भारहुतच्या पंक्तीला बसणारं. एका शिल्पात मुचलिंद नाग रिकाम्या आसनावर फणा धरून आहे आणि त्याचं नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. आसन रिकामं आहे, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत; आसन, वृक्ष, चक्र अशा खुणांनीच त्याचं अस्तित्व सुचवत. खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात स्त्रियाही आहेत. भारहुतचा कठडा पाहायला जसं कोलकात्याला जावं लागतं, तसंच इथलंही कोरीवकाम आता टेकडीवर नाही. म्हणून आधी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे 1863 साली सुरू झालेला अजब बंगला, पाहून घ्यावा आणि मग पवनी गाठावी.

गैरसमज: पवनीचा इतिहास एकाच धर्माचा.

वस्तुस्थिती: कुणी तिला विदर्भाची काशी म्हणतं, कुणी बौद्ध नगरी. दोन्ही खरं आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला सर्वतोभद्र गणेश इथलाच, वैजेश्वराचं मंदिर आणि घाटही इथेच. जगन्नाथाचं देऊळ तर स्तूपाच्याच टेकडीवर. टेकडीला नाव मिळालं ते त्यावरून. रूपिअम्म या क्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभ आणि भगदत्त या भार राजाचा शिलालेखही पवनीतच सापडला. त्या-त्या काळातल्या सत्तांना हे नगर महत्त्वाचं वाटत होतं, याचा हा पुरावा.

गैरसमज: किल्ला म्हणून पाहण्याजोगं काही उरलेलं नाही.

वस्तुस्थिती: डोंगरी किल्ल्याची सवय असलेल्या डोळ्यांना तो चटकन दिसत नाही, इतकंच. तीन बाजूंनी उंच मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी रचना. जवाहर गेटपासून पायी निघून घाटापर्यंत गेलं की ती समजते; गाडीतून समजत नाही. नदीचं आजचं भरलेलं पात्र मात्र जुनं नव्हे. खालच्या अंगाला असलेल्या गोसीखुर्द धरणाचं ते पाणी आहे.

गैरसमज: भंडाऱ्याला रेल्वेने उतरलं की झालं.

वस्तुस्थिती: भंडारा रोड स्थानक शहरात नाही, ते वरठीला आहे. तिथून भंडारा आणि पुढे पवनी असा रस्त्याचा प्रवास करावा लागतो. नागपूरहून येणाऱ्यांना उमरेड-भिवापूर मार्ग सोयीचा. नकाशावर ठिकाण निवडताना जपावं. रामटेक तालुक्यात जबलपूर मार्गावर दुसरी पवनी आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची सफारी करायची असेल, तर तिला वेगळा दिवस द्यावा. स्तूप आणि वाघ एका दिवसात बसवले की दोन्हींची घाई होते.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी दरम्यान. मे महिन्यातल्या उन्हात टेकडी चढवत नाही. आणि टेकडीवर दिसलेलं खापर किंवा विटेचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये. जागेवरून हललेल्या खापराचा अभ्यासकाला फारसा उपयोग उरत नाही, आणि पवनीची बरीच माती अजून उकरायची राहिली आहे.