नवसातून उभे राहिलेले दफ्तर

ख्रिस्ती धर्मसंघांनी स्वतःच्या प्रचारकार्याचा लिहिलेला इतिहास बहुधा गौरवगाथेच्या वळणाने जातो, आणि गेऑर्ग शुरहामर (१८८२–१९७१) या जर्मन जेझुइट, म्हणजे येशूसंघीय, धर्मगुरूंच्या ग्रंथाचे मूळ तर सरळसरळ एका नवसात आहे. १९०८ मध्ये मुंबईला आलेले शुरहामर तेथे आजारी पडले, आणि १९१० मध्ये जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन चालू असता, बरे वाटल्यास या संताचे चरित्र लिहीन, असे ते समाधीपाशी बोलले. नवस फिटता फिटता आयुष्य संपले. चरित्राचा पहिला खंड १९५५ मध्ये निघाला आणि शेवटचा १९७३ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर.

चरित्रापेक्षा त्याच्या पूर्वतयारीचे मोल अधिक आहे, असे म्हणण्यास जागा आहे. झेवियरच्या काळातील पोर्तुगीज आशियाविषयीच्या सहा हजारांहून अधिक कागदपत्रांची त्यांची सूची १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली, तर योझेफ विकी यांच्यासह संपादिलेली झेवियरची पत्रे १९४४–४५ मध्ये दोन खंडांत आली. नवस बोललेला माणूस गैरसोयीचे कागद बाजूला सारील, ही शंका येथे टिकत नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, आणावे अशी पोर्तुगालच्या राजाला विनंती करणारे १६ मे १५४६ चे पत्र या खंडांत आहे. झेवियरला अनेक भाषा दैवी कृपेने अवगत होत्या ही आख्यायिकाही त्याच्याच पत्रांपुढे लंगडी पडते, कारण तमिळ प्रार्थना त्याने दुभाष्यांच्या मदतीने रचून घेऊन पाठ केल्या होत्या. उणीव आहे ती अन्यत्र: कागद जवळजवळ सारे पोर्तुगिजांचे आणि पाद्र्यांचे, त्यामुळे ज्यांची देवळे पाडली गेली त्या तिसवाडीच्या गावकऱ्यांचा आवाज त्यांत क्वचितच उमटतो.

मराठी वाचकाला मात्र शुरहामर यांचा एक आडवाटेचा उद्योग अधिक जवळचा वाटावा. १९५५ मध्ये इंग्रजीत आणि १९५७ मध्ये जर्मनमध्ये त्यांनी ‘क्रिस्तपुराण’कार थॉमस स्टीफन्सवर लेख लिहिले, आणि त्यांपैकी जर्मन लेखाच्या शीर्षकातच या इंग्रज पाद्र्याला ‘मराठी कवी’ म्हटले. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला संघप्रमुखांना पाठविलेले पत्र या संदर्भात फार बोलके आहे. या प्रांताच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत, ही कित्येक वर्षांची इच्छा तो मांडतो आणि अडचणी दोन सांगतो: एक, युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील असा समज, दुसरी, प्रांतप्रमुखांच्या आज्ञेवाचून काही हलत नाही आणि त्यांच्यामागे व्याप फार. कार्यालयीन दिरंगाईची इतकी जुनी आणि इतकी सभ्य तक्रार मराठीच्या इतिहासात विरळाच असेल. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणकलेच्या आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात या पत्राची दखल घेतली.

१६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमी लिपीत. देवनागरीत ते पुण्याहून, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, १९५६ मध्ये निघाले.