तक्त्यावरची टिचकी
१००० ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला वेगळा क्लिक-लिसनर लावणं ही निव्वळ उधळपट्टी. ब्राउझरमध्ये क्लिक जिथे होतं तिथेच थांबत नाही; चौकटीतून ओळीत, ओळीतून तक्त्यात असं वर चढत जातं. त्यामुळे ‘टीबॉडी’वर एकच लिसनर पुरतो, आणि नंतर भरलेल्या ओळीही आपोआप त्याच्या कक्षेत येतात.

नेमकी चौकट कशी ओळखायची? ‘इव्हेंट.टार्गेट’ अनेकदा चौकटीतला ठळक शब्द किंवा चित्रच दाखवतं. म्हणून त्यावर ‘क्लोजेस्ट’ वापरून ‘टीडी’ गाठावा. त्याचा ‘सेलइंडेक्स’ स्तंभ सांगतो. ओळीचा क्रमांक ‘रोइंडेक्स’कडून मिळतो. दोन्हींची मोजणी ० पासून, आणि ‘रोइंडेक्स’ शीर्षकाची ओळही धरतो, हे विसरलं की हिशेब एका ओळीने चुकतो.

कीबोर्डवर काम करणाऱ्यांना साध्या ‘टीडी’पर्यंत पोहोचता येत नाही. त्यांच्यासाठी चौकटीत खरंखुरं बटण हवंच.