जुनी मोटार आणि चाकोरीची वाट

मोटार घेताना आपण इंजिनाची ताकद विचारतो, पेट्रोल किती लागते ते विचारतो, रंगही पाहतो. पण तिचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, हा प्रश्न शहरात सहसा कोणी विचारीत नाही. डांबरी रस्त्यावर तशी गरजही पडत नाही. गरज पडते ती गाडीचे काम बदलले म्हणजे. वीस-पंचवीस वर्षे शहरात वावरलेली मोटार मळ्याकडे जाते. खताची पोती, दुधाचे कॅन आणि चार माणसे घेऊन कच्च्या वाटेने धावू लागते, आणि लवकरच तिचे पोट वाटेला घासते. मग मालक मिस्त्रीला सांगतो, "गाडी जरा वर घे." हे 'जरा वर घेणे' म्हणजे नेमके काय, त्याने काय साधते आणि काय गमवावे लागते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

चाकोरी हा शब्द आपण आता आयुष्याविषयीच अधिक वापरतो. मूळची चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी वाटेवर पाडलेला खोल चर. काळ्या जमिनीत पावसाळ्यात असे चर पडतात, पुढे उन्हाने ते कडक होतात, आणि दोन चरांच्या मध्ये एक उंचवटा उरतो. बैलगाडीचे चाक मोठे, म्हणून तिचा आस उंच. उंचवटा तिच्याखालून सहज निघून जातो. मोटारीची चाके मात्र लहान. ती चरात उतरली की सगळी गाडीच खाली बसते आणि मधला उंचवटा इंजिनाच्या तेलटाकीला, सायलेन्सरला किंवा मागच्या आसाला भिडतो.

मोटारी पहिल्यापासून अशा ठेंगण्या नव्हत्या. १९०८ साली अमेरिकेत फोर्डची 'मॉडेल टी' निघाली, तेव्हा तिकडचे बहुतेक ग्रामीण रस्ते मातीचेच होते. म्हणून ती मुद्दाम उंच पायांची केली होती, आणि तिकडच्या शेतकऱ्यांनी तिच्याकडून नाना प्रकारची कामे करून घेतली. पुढे रस्ते पक्के होत गेले, वेग वाढला, तशा मोटारी खाली आल्या. तेव्हा ठेंगणेपणा हा मोटारीचा दोष नव्हे. तो चांगल्या रस्त्याशी जुळवून घेतलेला गुण आहे. हे मनात धरले म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाते.

उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाची अँबॅसेडर घेऊ. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी तिची रचना जुन्या मोटारीचा उत्तम नमुना आहे. पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि त्यांचा भार पोलादी दांड्यांच्या पिळावर तोललेला असतो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस असून तो कमानीसारख्या पाट्यांना बांधलेला असतो. त्या आसाच्या मध्ये दातेरी चक्रांचा एक गोळा असतो. त्यालाच डिफरन्शियल म्हणतात. रिकाम्या गाडीखाली सुमारे १६० मिलिमीटर जागा मिळते. चर १३० मिलिमीटर खोल असला, तर मधल्या उंचवट्यावर उरले ३० मिलिमीटर. त्यात भाराने पाटे दबले की अंगाखालची तेवढीही जागा उरत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. गाडीच्या अंगाची उंची निराळी आणि आसाची उंची निराळी. पाट्यांना अधिक कमान दिली, किंवा पाटा आणि आस यांच्यामध्ये ठोकळा बसविला, म्हणजे अंग वर जाते; सायलेन्सर व पेट्रोलची टाकी सुरक्षित होतात. पण तो आसाचा गोळा जेथे होता तेथेच राहतो, कारण त्याची उंची चाकाच्या मध्याने ठरते. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. आणि टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढला, तरी आस चढतो निम्माच, म्हणजे २५ मिलिमीटर. शेकडो रुपये खर्चून अंग चार बोटे वर घेतले आणि गोळा पुन्हा त्याच उंचवट्यावर आपटला, अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच.

आता उंची वाढविण्याचे मार्ग पाहू. पहिला मार्ग उंची वाढविण्याचा नव्हे, गेलेली उंची परत मिळविण्याचा आहे. जुन्या गाडीचे पाटे बसलेले असतात, रबरी बुश झिजलेले असतात. पाटे नवे घातले किंवा जाणत्या कारागिराकडून त्यांना मूळची कमान देऊन घेतली, तरच गाडी कारखान्यातून निघाली तेवढी उंच होते. त्याशिवाय दुसऱ्या मार्गाकडे वळू नये. दुसरा मार्ग मापात बसणाऱ्या किंचित मोठ्या टायरचा. तिसरा पाट्याच्या शॅकलचा: शॅकल ५० मिलिमीटरने लांब केली, तर मागची बाजू सुमारे २५ मिलिमीटर चढते, पण आसही थोडा फिरतो आणि त्याला जोडणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो. पुढच्या दांड्याचा पीळ वाढवूनही गाडी वर येते. मात्र त्याने स्प्रिंग बळकट होत नाही. चाकाला खाली जाण्यास राहणारी जागा तेवढी कमी होते, आणि खड्ड्यात गाडी कडाकड आपटते.

उंचीची किंमतही मोजावी लागते. समजा दोन चाकांमधील अंतर १३५० मिलिमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर आहे. निम्म्या अंतराला या उंचीने भागले की १.२३ हा आकडा येतो. हा आकडा जेवढा मोठा, तेवढी गाडी उलटण्यास कठीण. गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटरने वर गेला की तो १.०८ होतो, म्हणजे स्थैर्य बारा टक्क्यांनी घटले. त्यावर टपावर पोती रचली, तर आणखी घटते. मळ्याच्या वाटेवर हे जाणवत नाही. ते जाणवते संध्याकाळी, परतीच्या डांबरी रस्त्यावर, वळणावर समोरून मालमोटार येते तेव्हा. आणि त्या वेळी गाडीत एकटा मालक नसतो. दिवसभर राबून घरी निघालेली माणसे असतात.

मोठ्या टायरचेही तसेच. व्यास ६६० चा ७१० झाला, तर काटा ताशी ६० दाखवितो तेव्हा गाडी ६४ च्या वर धावत असते. चढावरची ओढ कमी होते, आणि ब्रेक तेच असल्याने थांबविण्यास पाय अधिक दाबावा लागतो. चाक पूर्ण खाली लोंबले असता व पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळविले असता ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. पुढच्या चाकांचा कोन पुन्हा लावावा, दिव्यांचा झोत खाली आणावा, आणि पाट्यांचे यू-बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेत. एक गैरसमज तर कायमचा टाकावा: उंच गाडी म्हणजे जड ओझ्याची गाडी नव्हे. जादा पाटा घातल्याने बेअरिंग, आस, टायर आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने मूळ ठरविलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा कठोर अर्थ लावला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडीची तपासणी होते. भाड्याने माल किंवा माणसे नेण्याचा प्रश्न त्याहून वेगळा. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घेणे शहाणपणाचे.

मग करावे काय? आमच्या मते प्रथम एक टेप घ्यावी. रोजचे ओझे गाडीत ठेवून, टायरमध्ये योग्य हवा भरून, सपाट जागी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी आणि नेमके काय घासते ते वाकून पाहावे. आसाचा गोळा घासत असेल तर ठोकळे घालून उपयोग नाही. तेलटाकी घासत असेल, तर तिच्याखाली जाड पत्र्याचे कवच बसविले की बरेच काम होते. पाटे मूळ स्थितीत आणावेत, आणि मग उरेल ती उणीव एखाद-दीड इंचाच्या आत भागते का ते पाहावे. भागत नसेल, तर ती गाडी त्या वाटेसाठी नाही; तेथे जीपसारखे मुळात उंच बांधणीचे वाहनच हवे.

आणखी एक उपाय गाडीबाहेरचा आहे. मळ्याची अडचणीची वाट पुष्कळदा शे-दोनशे हातांचीच असते. पावसाळा संपल्यावर मधला उंचवटा कुदळीने छाटला, चरात मुरूम टाकून दाबला आणि पाण्याला बाजूने वाट काढून दिली, तर शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या गाड्याही तेथून सुखाने जातील. त्या खर्चात गाडीचा तोल जात नाही, आणि आत बसलेल्या माणसांचा जीवही धोक्यात पडत नाही.