मदिनेचे मानलेले भाऊ

घरोघरी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत तिथिवारांच्या शेजारी मोहरम, सफर, रमजान अशी महिन्यांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. ज्यांच्या घरी पेशवाईतील जुने कागद जपून ठेवलेले आहेत, त्यांनी ‘सन सलास’, ‘सन अर्बा’ असे अरबी आकडेही पाहिले असतील. त्या शुहूर सनाचे मूळ हिजरी सनातच आहे. हा हिजरी सन मात्र कोणाच्या जन्मापासून, राज्यारोहणापासून किंवा विजयापासून मोजलेला नाही. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळी कालगणनेचा प्रश्न निघाला, तेव्हा ती हिजरतीच्या वर्षापासून धरावी असे ठरले. हिजरत म्हणजे आपले गाव आणि आपले गणगोत सोडून जाणे. एका नव्या समाजाने आपले पहिले वर्ष असे निर्वासनाचे मानावे, यात मोठा अर्थ आहे. तो उमगण्यासाठी इ. स. ६२२ मधील मदिनेत डोकावून पाहिले पाहिजे.

त्या गावाचे तेव्हाचे नाव यस्रिब. मक्केहून उत्तरेस, वाळवंटाच्या वाटेने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेले हे खजुराच्या बागांचे गाव. मक्केची भूमी नापीक. तेथील कुरेश लोक व्यापारावर जगणारे. यस्रिबचे लोक शेतकरी, बागायतदार. तेथील औस आणि खजरज या दोन अरब टोळ्या आपसांतील वैराने जर्जर झालेल्या होत्या.

मक्केत हजरत महंमद पैगंबरांनी ६१० च्या सुमारास एकेश्वरवादाचा उपदेश सुरू केला आणि कुरेशांतील प्रमुखांचा रोष ओढवून घेतला. ६१९ मध्ये पत्नी खदीजा आणि पाठीशी उभे राहणारे चुलते अबू तालिब हे दोघेही निवर्तले. टोळीचा आधार सुटला, की त्या समाजात माणसाचा जीव सुरक्षित नसे. अशा वेळी यात्रेस आलेल्या यस्रिबच्या काही लोकांनी मक्केजवळच्या अकबा येथे त्यांना आपल्या गावी येण्याचे आमंत्रण दिले आणि स्वतःच्या बायकामुलांप्रमाणे त्यांचे रक्षण करण्याचे वचन दिले. मग अनुयायी लहान लहान गटांनी निघाले. शेवटी पैगंबर आणि अबू बक्र निघाले. सौर येथील गुहेत तीन दिवस दडून, आडवाटेने ते यस्रिबला पोहोचले. विशेष हे, की त्यांना वाट दाखविणारा अब्दुल्ला बिन उरैकित हा इस्लाम न स्वीकारलेला मनुष्य होता. पुढे त्या गावास ‘पैगंबरांचे नगर’ या अर्थाने मदिना हे नाव पडले.

गावात शिरताच जो तो त्यांना आपल्या घरी नेऊ पाहू लागला. एकाकडे जावे तर दुसऱ्याने रुसावे! पैगंबरांनी आपली सांडणी मोकळी सोडली. ती थांबेल तेथे राहायचे, असे ठरविले. मुक्काम पडला अबू अय्यूब यांच्या घरी. पाहुण्यांनी तळमजला पसंत केला. आपण त्यांच्या डोक्यावर राहतो याचाच यजमान पतिपत्नींना संकोच वाटे. एकदा वर पाण्याचा घडा फुटला. खाली थेंब पडू नयेत म्हणून दोघांनी घरातील एकुलत्या एका पांघरुणाने ते पाणी टिपून घेतले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. सांडणी थांबली होती ती जागा दोन पोरक्या मुलांची होती. ती फुकट न घेता तिचे मोल देण्यात आले आणि तेथे कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब व झावळ्यांचे छप्पर अशी साधी मशीद उभी राहिली.

परंतु पाहुणचाराचे दिवस सरतात आणि संसाराचे दिवस सुरू होतात. मक्केहून आलेले बहुतेक लोक घरदार तेथेच टाकून आले होते. त्यांना मुहाजिर म्हणजे स्थलांतरित म्हणत. यजमानांना अन्सार म्हणजे साहाय्यकर्ते हे नाव मिळाले. व्यापारी माणसांना बागाईत ठाऊक नव्हती. हवाही मानवली नाही. अबू बक्र आणि बिलाल तापाने अंथरुणास खिळले. तापात बिलाल यांना मक्केच्या टेकड्या आणि तेथील गवताचा गंध आठवत असे. ज्या गावाने छळले त्याचीच आठवण! परमुलखात राहिलेल्याला याचे नवल वाटणार नाही. पैगंबरांनी तेव्हा प्रार्थना केली ती मक्केइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, मदिना आम्हांला प्रिय होवो, अशी.

तोडगा निघाला तो नात्याचा. पैगंबरांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्साराशी बंधुत्वाचे नाते जोडून दिले. आरंभी या मानलेल्या भावांना परस्परांचा वारसाहक्कही होता. बद्रच्या लढाईनंतर तो पुन्हा रक्ताच्या नात्याकडे गेला. साद बिन रबीअ या सधन अन्साराने आपला मानलेला भाऊ अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे आपली निम्मी मालमत्ता ठेवली. अब्दुर्रहमान यांनी त्यास मनापासून आशीर्वाद दिला आणि एवढेच विचारले, की येथील बाजार कोठे आहे? ते बाजारात गेले, तूप आणि सुके चीज विकू लागले आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या कमाईवर विवाह करण्याइतके सावरले.

अन्सारांनी आपल्या खजुराच्या बागाही वाटून देण्याची तयारी दाखविली होती. पैगंबरांनी त्यास नकार दिला. मग असे ठरले, की झाडे अन्सारांचीच राहावीत, मुहाजिरांनी बागेत कष्ट करावेत आणि फळ दोघांनी वाटून घ्यावे. देणाऱ्याने हात आखडला नाही आणि घेणाऱ्याने मान गहाण टाकली नाही.

जी झाडे प्रेमाने वापरावयास दिली होती, तीही ६२८ मधील खैबरच्या विजयानंतर परत करण्यात आली. पैगंबरांना लहानपणी सांभाळणाऱ्या वृद्ध उम्म ऐमन मात्र आपली झाडे सोडीनात. ती मागावयास आलेल्या अनस या मुलाच्या गळ्यात कपडा टाकून त्या हटून बसल्या. पैगंबर त्यांची समजूत घालीत अधिकाधिक देऊ करीत गेले. सुमारे दसपट मिळाल्यावर बाईंचे समाधान झाले. मूळ झाडे मात्र धन्यास पोहोचली.

हे सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. साद बिन रबीअ ६२५ मध्ये उहुदच्या रणांगणावर पडले आणि त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन मुलींना घेऊन दाद मागावयास आली. मुलींना दोन तृतीयांश आणि पत्नीला अष्टमांश असा निर्णय मिळाला. कुराणातील वारसाविषयक वचनाचा संबंध याच प्रसंगाशी जोडला जातो. मदिनेतील गटांना एका करारात बांधण्याचा प्रयत्न झाला होता. तरी तेथील तीन मोठ्या ज्यू टोळ्यांशी पुढे वितुष्ट आले. दोघींना नगर सोडावे लागले आणि ६२७ मध्ये तिसरीतील पुरुषांना देहान्ताची शिक्षा झाली. खुद्द मुहाजिर व अन्सार यांच्यातही एकदा पाण्याच्या जागी झालेल्या भांडणातून ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ ही भाषा निघाली होती.

खरी कसोटी लागली ती ६३० मध्ये. मक्का हाती आली. आता पैगंबर आपल्या जन्मगावीच राहतील, ही शंका अन्सारांच्या मनात डोकावली. त्यातच हुनैनच्या लढाईनंतर, कालपर्यंत शत्रू असलेल्या कुरेश प्रमुखांना शंभर शंभर उंट देण्यात आले आणि अन्सारांच्या हाती काहीच आले नाही. कुजबुज सुरू झाली. साद बिन उबादा यांनी ती स्पष्टपणे पैगंबरांच्या कानी घातली. पैगंबरांनी केवळ अन्सारांना एकत्र बोलाविले. आपण त्यांच्याकडे निराधार, हाकललेले असे आलो आणि त्यांनीच आपल्याला आसरा दिला, हे त्यांनी स्वतःहून बोलून दाखविले. मग त्यांनी विचारले, की इतरांनी मेंढ्या आणि उंट घेऊन घरी जावे आणि तुम्ही अल्लाच्या प्रेषिताला घेऊन परत जावे, यात तुमचे समाधान नाही काय? ऐकणाऱ्यांच्या दाढ्या अश्रूंनी भिजल्या, असे वर्णन आहे.

तो शब्द पाळला गेला. मक्का मोकळी झाली असतानाही पैगंबर मदिनेतच राहिले. ६३२ मध्ये तेथेच, पत्नी आयेशा यांच्या खोलीत, त्यांचे देहावसान झाले आणि त्याच जागी त्यांचे दफन झाले. त्यानंतर नेतृत्व कोणाचे, यावरून मुहाजिर आणि अन्सार यांच्यात वाद झालाच. अखेर अबू बक्र यांची निवड झाली. मानलेल्या भावांतही वाद होतात. सख्ख्यांत तरी कोठे चुकतात?

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात नांदणाऱ्या कुटुंबांना या कथेतील दोन्ही बाजू ओळखीच्या वाटतील. आपल्या पूर्वजांनाही कोणी तरी पहिल्या रात्री ओसरी दिली असेल आणि त्यांनीही दुसऱ्या दिवशी बाजाराची वाट विचारली असेल. आज आपल्या गल्लीत नवे बिऱ्हाड येते, तेव्हा ओसरी देण्याची पाळी आपली असते. दिनदर्शिकेवरील त्या बारीक अक्षरांकडे पाहताना एवढे आठवले तरी पुरे.